टेबलवर चार जणांची चार मतं असतील तर डी अँड डी, डंजन वर्ल्ड की कॉल ऑफ कथुलू?

हे तिन्ही टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक कॅरेक्टर घ्यायचं, फासे टाकायचे आणि मिळून गोष्ट पुढे न्यायची. नवीन ग्रुप जमवताना सगळे "कुठलाही गेम चालेल रे" म्हणतात, आणि तिसऱ्या सेशनला कळतं की एकाला नुसती मारामारी हवीये, एकीला तिच्या कॅरेक्टरचं बालपण सांगायचंय, एक जण फक्त भजी आणि गप्पांसाठी येतोय आणि एक जण आल्यापासून तोंडच उघडत नाहीये. सेशन झिरो घ्या, म्हणजे खेळायच्या आधी बसून कोणाला काय हवंय काय नकोय ते बोलून घ्या, असं सगळेच सांगतात आणि ते घ्याच, पण त्याने मतं एक होत नाहीत, फक्त कळतात. पुढे कोणाच्या वाट्याला किती वेळ येणार ते बरंचसं सिस्टीमच, म्हणजे गेमची नियमावलीच ठरवते. म्हणून इथे तीन सिस्टीम फक्त त्याच नजरेने बघतोय, आणि जीएम, म्हणजे गेम चालवणारा, तुम्हीच होणार असं धरून चाललोय.

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ पासूनचा, सध्या बहुतेक लोक खेळतात ती पाचवी एडिशन २०१४ ची, आणि २०२४ ला तिचीच सुधारित पुस्तकं आली. २०१४ च्या पुस्तकात लिहिलंय की खेळाचे तीन खांब आहेत, शोधाशोध, बोलणंचालणं आणि लढाई, पण नियम वाचायला घेतले की लढाईचा खांब बाकी दोघांपेक्षा चांगलाच जाड निघतो. मारामारीवाला खूश, कारण प्रत्येक लेव्हलला काहीतरी नवीन मिळतं, आणि विझार्ड, म्हणजे जादूगार, पाचव्या लेव्हलला पोचला की फायरबॉल टाकून ८ फासे एकदम खळखळवतो, त्या आवाजासाठीच काही लोक खेळतात असं माझं प्रामाणिक मत आहे. बालपणवालीला मात्र नियमांमधून फार काही मिळत नाही, राजाला पटवायचं तर पर्सुएजनसाठी एकदा फासा टाकायचा, झालं, बाकी सगळं तुमच्यावर.

पण डी अँड डीची एक गोष्ट कोणी फारशी सांगत नाही, ती म्हणजे इनिशिएटिव्ह. लढाईत प्रत्येकाचा नंबर लागतो आणि तुमचा नंबर आला की तो तुमचाच, कितीही बडबड्या माणूस शेजारी बसला असेल तरी त्याला तो खाता येत नाही. न बोलणाऱ्यासाठी हे फार मोठं आहे, त्याला अभिनय करायचा नाही, फक्त "मी ३० फूट पुढे जातो आणि बाण मारतो" एवढंच म्हणायचं, आणि तरी तो खेळात असतो. याची किंमत म्हणजे वेळ. पाच जण आणि जरा वरच्या लेव्हलची लढाई असेल तर तासभर सहज जातो, आणि तेवढ्यात भजीवाला मोबाईलमध्ये गेलेला असतो. पुढचा नंबर कोणाचा ते आधीच सांगत गेलं तर थोडं सुटतं, पूर्ण नाही.

डंजन वर्ल्ड २०१२ चा. तेच जग, तलवारी, गुहा, ड्रॅगन, पण मुख्य रोल दोन साध्या सहा बाजूंच्या फाशांचा, १० किंवा वर आलं तर जमलं, ७ ते ९ आलं तर जमलं पण काहीतरी भोगावं लागणार, ६ किंवा खाली आलं तर जीएम ठरवणार काय वाईट होतं ते. आणि ६ किंवा खाली आलं की खेळाडूला एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारा अनुभवाचा गुण, मिळतो, त्यामुळे हरलो तरी तोंड पडत नाही. डॅमेज, म्हणजे किती इजा झाली ते, सोडलं तर जीएम फासे टाकतच नाही. बालपणवालीची इथे चांदी आहे, कारण कॅरेक्टर शीटवरच बॉन्ड असतात, कोण कोणाचं काय लागतं, कोणाचा कोणावर विश्वास नाही, आणि बॉन्ड सुटला की सेशनच्या शेवटी त्याचाही एक्सपी. भजीवाल्यालाही हेच जमतं, नियम पाठ नसले तरी चालतं, काय करतोयस ते सांग, बाकी मी बघतो.

आता वाईट बाजू. नंबर वगैरे काही नसतो, म्हणजे गल्ली क्रिकेटसारखं, ज्याचा आवाज मोठा त्याची बॅटिंग. न बोलणारा इथे सगळ्यात आधी हरवतो, आणि त्याला आत आणायचं काम पूर्ण तुमचं, दर पाच मिनिटांनी नाव घेऊन "तू काय करतोयस?" विचारत राहायचं, त्यात तुम्ही दमलात की खेळ बसला. मारामारीवालाही काही महिन्यांत कंटाळतो, बिल्ड बनवायला, म्हणजे ताकदी निवडून कॅरेक्टर घडवत बसायला, जागाच नाही.

कॉल ऑफ कथुलू १९८१ चा, टक्केवारीवर चालणारा, तपास आणि भीतीचा. हिट पॉइंट, म्हणजे कॅरेक्टर किती मार सोसू शकतं तो आकडा, साधारण दहा-बारा आणि मोठ्या रिव्हॉल्व्हरची एक गोळी १० बाजूंचा फासा अधिक २ एवढं नुकसान करते, म्हणजे मारामारीवाल्याला पहिल्याच संध्याकाळी कळतं की इथे आपलं काम नाही. मोठ्या मोहिमेसाठी मिक्स ग्रुपला मी हा सुचवणार नाही. पण वन-शॉट म्हणून तिघांत हाच उत्तम, एका संध्याकाळी केस संपते, कोणाला आवडलं कोणाला नाही ते स्वस्तात कळतं. फक्त टेबलवर एक्स कार्ड ठेवा, कोणाला एखादा विषय सहन होत नसेल तर कार्डाला हात लावायचा आणि सीन पुढे जातो, कारण विचारायचं नाही.

तर निवड कशी करायची? तुमच्याकडे एक जरी बुजरा आणि एक जरी बिल्डवाला असेल तर डी अँड डी घ्या आणि लढाया मुद्दाम कमी ठेवा, सेशनला एक पुरे. सगळेच बोलके असतील आणि नियम वाचायचा सगळ्यांना आळस असेल तर डंजन वर्ल्ड. ग्रुप अजून नीट ओळखीचाच नसेल तर आधी एक कथुलू आणि मग ठरवा, घाई कसली आहे.

पैशांचं म्हणाल तर सुरुवातीला खर्च करायची गरज नाही, डी अँड डीचे बेसिक नियम फुकट मिळतात, डंजन वर्ल्डचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुला आहे आणि कथुलूचं क्विक-स्टार्टही फुकट आहे, त्यात एक तयार केससुद्धा आहे. सात फाशांचा एखादा सेट मात्र घ्या, डंजन वर्ल्डचा मुख्य रोल लुडोच्या फाशांवर भागतो पण डॅमेजला वेगळे लागतात.