ई१०, ई८५ आणि शुद्ध पेट्रोल: ११ महिन्यांच्या वहीतला हिशेब

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. (शुद्ध म्हणजे इथेनॉल नसलेलं पेट्रोल, ई१० म्हणजे १० टक्के इथेनॉल मिसळलेलं, ई८५ म्हणजे नावाप्रमाणे ८५ टक्के.) ११ महिने आणि जवळजवळ १७,००० किलोमीटरनंतर माझ्या गाडीला शुद्ध पेट्रोलवर लिटरला १६.२, ई१०वर १५.६ आणि ई८५वर ११.९ किलोमीटर ऍव्हरेज पडलं. किलोमीटरमागे सगळ्यांत स्वस्त पडलं ई१०. फलकावर सगळ्यांत कमी भाव ई८५चा होता, आणि खिशाला तेच सगळ्यांत महाग पडलं.

गाडी १.६ लिटर इंजिनाची, मॅन्युअल, फ्लेक्स-फ्युएल आहे. म्हणजे तिच्यात इथेनॉल अजिबात नसलेल्या पेट्रोलपासून ई८५पर्यंत काहीही ओता, ती कुरकुर न करता चालते. ई२० मी वापरलेलं नाही, त्यामुळे त्याचं मोजमाप इथे सापडणार नाही.

पहिला प्रयोग पार फसला होता. एक टाकी शुद्ध, एक टाकी ई१०, काढा ऍव्हरेज, इतकं सोपं वाटलं होतं. त्यात ई१० जिंकलं! दोन दिवस मी खुशीत होते. मग लक्षात आलं की ई१०ची टाकी लांबच्या प्रवासात संपली होती आणि शुद्धची रोजच्या सिग्नल-ट्रॅफिकमध्ये. मागच्या एका टायरमध्ये हवाही कमी होती. पुढच्या महिन्यांत दिसलं की एकाच इंधनाच्या दोन टाक्यांमध्येसुद्धा सहज लिटरभरामागे दीड किलोमीटरचा फरक पडतो. ई१०वर माझी सगळ्यांत वाईट टाकी १४.७ ची आणि सगळ्यांत चांगली १६.३ ची. ज्या फरकाचा शोध घ्यायचा तो जेमतेम ३-४ टक्क्यांचा, आणि एसी, हवा, उजवा पाय यांचा गोंधळ त्याच्या तिप्पट. त्यामुळे कोणी 'एक टाकी भरून बघितली, ऍव्हरेज धाडकन पडलं' किंवा 'काहीच फरक नाही' म्हणालं, की मी मान डोलावते आणि विषय बदलते.

मग शिस्त लावली. पंप तोच, शक्यतो मशीनही तेच, नोझलचा पहिला कटऑफ झाला की हात मागे. ट्रिप मीटर शून्य, वहीत लिटर आणि किलोमीटर. इंधन बदललं की पहिली टाकी हिशेबात धरायची नाही, कारण तळाशी जुनं उरलेलं असतं. शेवटी एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. टाक्यांच्या ऍव्हरेजचं ऍव्हरेज काढू नका, लहान टाकी उगाच मोठी होऊन बसते. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नका. ई८५वर तो मला १२.६ दाखवून खुश करायचा, वहीत मात्र ११.९.

पंपावर 'इथेनॉलविरहित' लिहिलेलं खरंच तसं असतं का, ही शंका मला पहिल्या दिवसापासून होती. त्यासाठी १०० मिलीची मोजनळी आणली. तळाला १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, बूच लावून चांगलं हलवायचं आणि उभं ठेवायचं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं. ते पेट्रोल सोडून खाली पाण्यात जातं आणि खालचा थर फुगतो. ई१०च्या नमुन्यात रेघ १०वरून चढून १८-१९च्या मध्ये थांबली. शुद्धच्या नमुन्यात ती १०वरच, तसूभर हलली नाही. (हे उघड्यावर, विस्तवापासून लांब करायचं आणि तो नमुना परत टाकीत ओतायचा नाही.) दहा मिनिटं त्या नळीकडे बघत बसण्यात वेगळीच मजा आहे, घरातल्यांना ती कळली नाही.

आता ऍव्हरेज का पडतं? एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, म्हणजे जळण्याचं थोडं काम आधीच उरकलेलं. म्हणून पेट्रोलच्या एका किलोला जिथे १४.७ किलो हवा लागते, तिथे इथेनॉलला ९ पुरते, आणि तेवढीच हवा घेणाऱ्या इंजिनाला इंधन जास्त ओतावं लागतं. ऊर्जेच्या या आकड्यांवरून ई१०ला साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट यायला हवी. माझी आली ३.७. कागद आणि रस्ता इतके जुळल्यावर मला वहीचा अभिमानच वाटला. याच गणिताने ई२०ला जवळजवळ सात टक्के येतात, आणि भारतात नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही ई०साठी (म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी) बनवलेल्या व ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींना ई२०वर ६ ते ७ टक्के घट धरली आहे. ई२०साठीच जुळवलेल्या गाड्यांची घट तिथे १ ते २ टक्केच आहे, कारण इथेनॉलच्या चढ्या ऑक्टेनचा (दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याच्या गुणाचा) फायदा इंजिन तसं जुळवलं तरच पदरात पडतो.

पैशांकडे येऊ. भाव जागोजागी आणि दर महिन्याला वेगळे, म्हणून मी शुद्ध पेट्रोलचा भाव १०० धरून बाकीचे मांडते. या ११ महिन्यांत ई१० सरासरी ९२ला पडलं आणि ई८५ ७५ला. १०० भागिले १६.२ म्हणजे किलोमीटरला ६.१७. ९२ भागिले १५.६ म्हणजे ५.९०. ७५ भागिले ११.९ म्हणजे ६.३०. फलकावर पाव भाव कमी दिसतो, आणि आपण आवळा वाचवून कोहळा देऊन येतो. पंप लिटर विकतो, गाडी ऊर्जेवर पळते. या दोघांमधली तफावत कोणत्याच फलकावर लिहिलेली नसते.

ई१०च्या बाबतीत माझ्या गाडीचा उंबरठा ९६.३ आहे. शुद्ध १००ला असताना ई१० त्याच्याखाली मिळालं तर ते फायद्याचं, वर गेलं तर शुद्धच भरलेलं बरं. ई८५ला शुद्धशी तोलायचं तर उंबरठा ७३.५. पण माझ्याकडे ई१० ९२ला मिळतंय म्हटल्यावर ई८५ला ७०च्या आसपास यावं लागतं. ब्राझीलमध्ये इथेनॉलचा कार्यक्रम १९७५पासून आहे. पंपावर इथेनॉल आणि मिश्रित पेट्रोल शेजारीशेजारी मिळतात आणि चालक सर्रास ७० टक्क्यांचा ठोकताळा वापरतात: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर ते भरायचं. तिथलं इंधन वेगळं, तिथलं पेट्रोलही भरपूर इथेनॉल मिसळलेलं, तरी माझ्या वहीतून ७०च निघाले हे बघून गंमत वाटली. माझ्याकडे ११ महिन्यांत दोनदा ई८५ ६८ला उतरलं होतं. त्या टाक्या ई१०पेक्षा ३ टक्क्यांनी स्वस्त पडल्या. फक्त दोनदा.

ई८५ची आणखी एक भानगड म्हणजे नावातले ८५ टक्के त्यात असतातच असं नाही. अमेरिकी मानकात या नावाखाली ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत काहीही चालतं. थंडीत इथेनॉल सहजी वाफ होत नाही, म्हणून हिवाळ्यात पेट्रोलचं प्रमाण वाढवतात. माझ्या गाडीचं इथेनॉलचं टक्केवारीतलं वाचन स्कॅनरवर दिसतं: उन्हाळ्यात ७६, कडाक्याच्या थंडीत ६२. पेट्रोल जास्त म्हणजे थंडीत ऍव्हरेज वाढायला हवं होतं. वाढलं नाही. सकाळी थंड इंजिन जागं करण्यात तो सगळा फायदा जळून गेला.

थंडीवरून आठवलं. पहिल्यांदा ई८५ भरलं तो पंप घरापासून एक किलोमीटरवर. टाकी भरली, घरी आले, गाडी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला, फिरतोय, फिरतोय, इंजिन धरतच नाही. पाचव्या वेळी खोकत सुरू झाली. पाइपातलं जुनं इंधन संपून नवं पोचायला आणि संगणकाला इथेनॉलचं प्रमाण ओळखायला थोडं अंतर चालावं लागतं. मी तेवढंही चालवली नव्हती. तेव्हापासून इंधन बदललं की दहा-बारा किलोमीटर फिरूनच घरी येते. (हे मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे, मी नंतर वाचलं.)

चांगलं काय? पिकअप. शुद्ध इथेनॉलचं ऑक्टेन साधारण १०८, आणि ते वाफ होताना आत येणारी हवा बरीच थंड करतं. आमच्या रस्त्यावरच्या लांब चढावर भरलेली गाडी चौथ्या गिअरात साध्या पेट्रोलवर कटकट आवाज करायची. ई८५वर तो आवाज गायब, आणि तिसरा टाकावा लागत नाही. ई१०वर असा काही फरक मला जाणवला नाही.

वाईट म्हणजे पंपाच्या फेऱ्या. ४० लिटर जाळले की शुद्धवर ६४८ किलोमीटर, ई८५वर ४७६. तीन वेळा थांबायचं तिथे चार वेळा. हा वेळ वहीत कुठेच येत नाही.

आणि आता स्कूटर. बाबांची जुनी, कार्ब्युरेटरवाली. ई१० भरलेल्या अवस्थेत चार महिने पावसाळी हवेत उभी राहिली. चालू होईना म्हणून मेकॅनिकने फ्लोटचं भांडं उघडलं, तर तळाला हिरवट, जेलीसारखा चिकट गाळ आणि जेटचं भोक बुजलेलं. टाकीतलं इंधन काचेच्या बरणीत काढलं, ते पाच मिनिटांत दोन थरांत उभं राहिलं: वर पिवळसर पेट्रोल, खाली दोन बोटं गढूळ पाणी आणि इथेनॉल. ई१० अर्ध्या टक्क्याच्या आसपास पाणी पोटात घेऊ शकतं, त्यापुढे ते फाटतं. आणि इंजिनाला इंधन मिळतं ते तळातूनच. रबरी नळी बोटाने दाबली तर बुळबुळीत, फुगलेली. नळी, गॅस्केट, सफाई मिळून जो खर्च झाला त्यात मोटारीची ई१०वरची तीन-चार महिन्यांची बचत गेली. रोज पळणाऱ्या मोटारीत हे होत नाही, इंधन महिनाभरही टिकत नाही. पण उभ्या राहणाऱ्या, जुन्या, छोट्या इंजिनांचं काम वेगळं. अमेरिकेत ई१५ला परवानगी दिली तीही २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींना. मोटरसायकली, बोटी आणि गवत कापायची यंत्रं त्यातून वगळली. स्कूटरमध्ये मी आता फक्त शुद्ध भरते, महाग असलं तरी. ती महिन्याला पितेच किती?

मोटारीत रोजचं ई१०, आणि ई८५ ७०च्या खाली आलं तरच ते. सध्या मात्र एक नवी खोड लागली आहे: अर्धी टाकी ई१०, अर्धी ई८५. ऊर्जेच्या गणिताने १३.८ पडायला हवं. चार टाक्या झाल्या, १३.९ पडतंय. दहा होईपर्यंत मी त्याला काही म्हणणार नाही.