११,४०० जण आले म्हणे, ऑर्डर आल्या नऊ

मानेवाडा भागात आमचा वाळवणाचा घरगुती धंदा आहे. कुरडया, सरगुंडे, मूगवड्या, ज्वारीचे पापड. मी, माझी जाऊ आणि हंगामात मदतीला चार बायका. नागपूरचं ऊन हेच आमचं भांडवल. एप्रिल-मेमध्ये सकाळी गच्चीवर घातलेली कुरडई दुसऱ्या दिवशी खडखडीत वाळलेली असते. आजवर माल ओळखीतून आणि व्हॉट्सॲपवरून जायचा. पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्याकडच्या घरांपर्यंत पोचायचं, म्हणून २०२५ च्या जानेवारीत आम्ही धरमपेठेतल्या एका डिजिटल मार्केटिंगवाल्यांकडे गेलो. तक्रार अजून सुरू आहे, म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही. पण त्यांनी काय केलं ते सगळं लिहिते, कारण घरगुती धंदा करणाऱ्या आणखी दोघी-तिघींचे पैसे अशाच पद्धतीने गेल्याचं मला नंतर कळलं.

महिन्याला १५,००० फी, जाहिरातीचे १०,००० वेगळे. वेबसाइट, इन्स्टाग्राम, फेसबुक सगळं तेच उघडणार, तेच चालवणार. "ताई, तुम्ही फक्त माल तयार ठेवा," असं त्यांनी सांगितलं. त्या एका वाक्यावर मी इतवारीतून तीन क्विंटल गहू आणला. एरवी एकच आणते.

फेब्रुवारीच्या शेवटी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. चढता निळा आलेख, खाली गोल तक्त्यात नवे आणि पुन्हा आलेले, आणि वर मोठ्या अक्षरात ११,४०० व्हिजिटर. माझ्या वहीत त्या महिन्यात नऊ ऑर्डर होत्या, त्यातल्या सात जुन्या गिऱ्हाइकांच्या. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "आधी अवेअरनेस येतो ताई, मग सेल." मला ते पटलं. मार्चमध्ये इन्स्टाग्रामचे फॉलोअर ३०० वरून ६,२०० झाले. पोस्टखाली टाळ्या, हृदय, आगीची चित्रं. पण एवढ्या लोकांत 'किलोचा भाव काय?' असं एकानेही विचारलं नाही. वाळवण घेणारी बाई आधी भाव विचारते, मग गहू कोणता ते विचारते. फॉलोअरची यादी उघडून पाहिली असती तरी कळलं असतं: अर्ध्याहून जास्त खात्यांना फोटो नाही, स्वतःची एक पोस्ट नाही, आणि फॉलो मात्र हजारो जणांना केलेलं. असे फॉलोअर विकत मिळतात.

इकडे गच्चीवर डबे भरत चालले होते. आमच्याकडच्या एक मावशी साच्यातून कुरडई पाडता पाडता म्हणाल्या, "ताई, एवढं करून रायलो, घेनार कोन हाये?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना फोनवरचा आलेख दाखवला होता, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

अक्षय तृतीयेला जावेची मुलगी पुण्याहून आली. ती याच क्षेत्रात नोकरी करते. फेब्रुवारीचा रिपोर्ट तिने एकदा पाहिला आणि म्हणाली, "मोठी आई, हा स्क्रीन आता निघतच नाही." तिने समजावलं ते असं. साइटवर किती जण आले ते मोजणाऱ्या गुगल ॲनालिटिक्सची जुनी पद्धत, युनिव्हर्सल ॲनालिटिक्स, १ जुलै २०२३ पासून मोजणी करायची बंद झाली आणि २०२४ च्या जुलैत ती पाहायचीही सोय गेली. आता सगळं जीए-फोरमध्ये, म्हणजे गुगल ॲनालिटिक्सच्या नव्या पद्धतीत दिसतं आणि त्याची मांडणी वेगळी आहे. आमच्या रिपोर्टमधलं चित्र त्या जुन्या पद्धतीचं होतं. म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीचे आकडे त्यात असणं शक्यच नव्हतं. कुणाच्या तरी जुन्या साइटचं चित्र घेऊन वर आमचं नाव चिकटवलं होतं.

आम्ही ॲनालिटिक्सचा ॲक्सेस मागितला. "डेटा कॉन्फिडेन्शियल असतो," म्हणाले. साइट माझी, पैसे माझे, आणि माझ्यापासूनच गुपित! आठ दिवस रोज फोन केले तेव्हा कुठे नुसतं पाहण्यापुरता, व्ह्यूअरचा ॲक्सेस मिळाला. रात्री जेवणं आटोपून आम्ही तिघी लॅपटॉप घेऊन बसलो.

फेब्रुवारीत साइटवर आले होते ९६ जण. मार्चपासून आकडा एकदम हजारांत गेलेला. मुलीने शहरांची यादी उघडली. सगळ्यात वर ॲशबर्न. हे अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं गाव. तिथे मोठमोठी डेटा सेंटर आहेत, आणि यंत्राने पाठवलेल्या खोट्या भेटी पुष्कळदा तिथल्या नावावर दिसतात. आमची कुरडई तिथे कोण घेणार? नागपूरचे ४१, पुण्याचे १८. एक भेट सरासरी दोन सेकंदांची. तेवढ्यात फोटोसुद्धा नीट उघडत नाही.

तरीही एंगेजमेंट रेट, म्हणजे रस घेऊन पाहिलेल्या (एंगेज्ड) भेटींचं प्रमाण, ऐंशी टक्क्यांवर होता, आणि रिपोर्टमध्ये 'कन्व्हर्जन २,१४०' लिहिलेलं होतं. यातली मेख तिने दाखवली तेव्हा मी सुन्न झाले. जीए-फोरमध्ये कोणती कृती महत्त्वाची धरायची हे खातं चालवणारा ठरवतो. गुगल आता त्याला की इव्हेंट म्हणतं, आधी कन्व्हर्जन म्हणायचं. यांनी तिथे 'स्क्रोल' धरलं होतं, म्हणजे पान खालपर्यंत सरकलं की झालं एक कन्व्हर्जन. ऑर्डर नाही, फोन नाही, व्हॉट्सॲपच्या बटणावर बोटसुद्धा नाही. आणि भेट एंगेज्ड कधी धरतात? माणूस दहा सेकंदांहून जास्त थांबला, किंवा दोन पानं पाहिली, किंवा की इव्हेंट घडला तर. त्यामुळे दोन सेकंदांत पान सरकवून गेलेलं यंत्रही एंगेज्ड ठरलं. एका खुणेने दोन्ही आकडे फुगवले.

जाहिरातींचं आणखी वाईट. चार महिन्यांचे ४०,००० आम्ही त्यांच्या खात्यात भरले. मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीची पावती मागितली तर स्वतःच्या लेटरहेडवरचं बिल दिलं. खरी पावती जाहिरात खात्याच्या बिलिंगमध्ये असते, आणि ते खातं त्यांचं. मेटाची ॲड लायब्ररी सगळ्यांना खुली आहे. पेजचं नाव टाकलं की चालू जाहिराती दिसतात. मे महिन्यात आमचं नाव टाकलं. एकही जाहिरात नव्हती.

काम थांबवतो म्हटल्यावर इन्स्टाग्राम आणि डोमेन (साइटचा पत्ता) 'हँडओव्हर' करायचे २५,००० मागितले. दोन्ही त्यांच्याच मेलवर, त्यांच्याच नंबरवर उघडलेलं होतं. आम्ही दिले नाहीत. खातं गेलं, त्यातले जुन्या गिऱ्हाइकांचे मेसेजही गेले. एकूण एक लाख रुपये गेले. उरलेला गहू पावसाच्या तोंडावर पडेल भावात काढला, आणि बायकांची शेवटच्या पंधरवड्याची मजुरी गणपतीत देता आली.

काम द्यायचं असेल तर आधी सगळी खाती स्वतःच्या मेलवर आणि नंबरवर उघडा. ॲनालिटिक्समध्ये ॲडमिनिस्ट्रेटर तुम्ही राहा, त्यांना एडिटर करा. मेटावर त्यांना पार्टनर म्हणून जोडता येतं, पासवर्ड द्यावा लागत नाही. जाहिरातीला कार्ड तुमचंच लावा. पीडीएफ घेऊ नका, स्क्रीन उघडून दाखवायला सांगा, आणि त्यांच्यासमोर आपल्या फोनवर आपली साइट उघडा. ॲनालिटिक्सच्या रिअलटाइममध्ये गेल्या तीस मिनिटांतले लोक दिसतात, त्यात तुम्ही दिसायला हव्यात. मग शहरांची यादी पाहा आणि की इव्हेंट म्हणून काय धरलंय ते विचारा. पीडीएफ, चॅट, बँकेच्या नोंदी काही पुसू नका. आम्ही सायबर पोलिसांकडे तक्रार दिली तेव्हा हेच कागद कामी आले. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

नवी साइट आता माझ्या नावावर आहे. व्हॉट्सॲप स्टेटसची लिंक वेगळी, इन्स्टाग्रामची वेगळी, दोन्हींच्या शेवटी यूटीएमची खूण, म्हणजे लिंकला जोडलेले काही शब्द, त्यावरून कोण कुठून आलं ते कळतं. ऑर्डर मात्र व्हॉट्सॲपवरच पक्की होते आणि ती ॲनालिटिक्सला दिसत नाही, म्हणून वहीत एक रकाना वाढवला आहे: 'कुठून कळलं?' गेल्या आठवड्यात साइटवर ७३ जण आले, बहुतेक नागपूर-पुण्याचे. वहीत अकरा ऑर्डर आहेत. चौघींनी इन्स्टाग्राम सांगितलं, सहा जणींनी मैत्रीण, आणि एकीने जुन्या डब्यावरचा नंबर.