परदेशातील नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेणारा सहा आठवड्यांचा वर्ग: एका परिचारिकेचा अभिप्राय

आपल्या देशात शिकून परदेशातील रुग्णालयांत नोकरी शोधणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टरांसाठी चालणारा हा सहा आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. भाषेची आणि नोंदणीची अशा दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होऊनही दोन मुलाखतींत माझी निवड झाली नव्हती आणि दोन्ही वेळा कारण कळले नव्हते.

ते कारण पहिल्याच सराव-मुलाखतीत कळले. रुग्णाची प्रकृती अचानक ढासळली तेव्हा तुम्ही काय केले, असा प्रश्न होता. अतिदक्षता विभागात नऊ वर्षे काढूनही मी उत्तर दिले, "आम्ही ऑक्सिजन सुरू केला आणि डॉक्टरांना कळवले." प्रशिक्षिकेने ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकवले, त्यातले 'आम्ही' मोजायला लावले (अकरा भरले) आणि डॉक्टर पोहोचेपर्यंत तुमचे स्वतःचे हात काय करत होते, एवढेच विचारले. मग श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध आणि शेवटी संपूर्ण अंगाची तपासणी या एबीसीडीई क्रमाने आम्ही तेच उत्तर नव्याने बांधले. डॉक्टरांना फोनवर काय सांगितले, तेही एसबीएआर पद्धतीने, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि शिफारस अशा टप्प्यांनी, मांडायला शिकले. यातील शिफारस मी दर वेळी गाळत असे, कारण वरिष्ठांना आपण काय सुचवायचे, हा संकोच अंगवळणी पडलेला होता. ही पद्धत मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आली आहे, हे ऐकल्यावर तो थोडा सैल झाला. "आपण पाच मिनिटांत येऊन रुग्णाला पाहावे, अशी माझी विनंती आहे," हे एक वाक्य सहजपणे तोंडातून निघायला मला तीन सराव लागले.

छापील नमुना-उत्तरांविषयी मात्र माझी तक्रार आहे. स्वतःची चूक सांगा, या प्रश्नावर गटातील दोघींनी चुकीच्या मात्रेचा एकच किस्सा सांगितला. रुग्ण तोच, खाटही तीच. अशा उत्तरात चूक लक्षात आल्यावर रुग्णाची तपासणी, वरिष्ठांना माहिती, रुग्णाला प्रामाणिक कबुली आणि लेखी नोंद हे सारे यावे लागते. परंतु उसन्या किश्शावर एखादा उपप्रश्न आला की उत्तर तिथेच कोसळते, आणि त्या दिवशी दोघींचेही कोसळले.

डॉक्टरांची सोय तर फारच अपुरी आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय प्रवेशासाठी विकसित झालेली, एकामागून एक छोट्या मुलाखती घेण्याची पद्धत आता काही ठिकाणी निवासी डॉक्टरांच्या निवडीसाठीही वापरली जाते. तिच्यासाठी येथे केवळ एक ध्वनिमुद्रित व्याख्यान आहे, प्रत्यक्ष सराव नाही.

सराव-मुलाखतींसाठी स्वतंत्र नोंदणी करता येते, ही गोष्ट मला पाचव्या आठवड्यात समजली. आधी समजली असती, तर मी तेवढ्याच घेतल्या असत्या.