युजरॲड की ॲडयुजर? छोट्या ऑफिसच्या उबंटूसाठी

सियागंजातल्या एखाद्या पेढीत उबंटूचा एक सर्व्हर आणि त्यावर दहा-पंधरा माणसं, नाहीतर भंवरकुआंच्या एखाद्या कोचिंग लॅबमध्ये दर सत्राला बदलणारी मुलं. इंदूरमध्ये लिनक्स सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांचं काम साधारण एवढ्याच आकाराचं असतं. एवढ्यासाठी कोणी एलडॅप, म्हणजे सगळ्या खात्यांची मध्यवर्ती यादी, उभी करत नाही, युजर हातानेच बनवले जातात. तेव्हा युजर बनवणाऱ्या दोन कमांडींपैकी युजरॲड वापरायचं की ॲडयुजर, आणि ग्रुप-पासवर्डसाठी काय, एवढाच प्रश्न उरतो. खाली जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळे ऑप्शन छोट्या लिपीतले.

माझा कौल कशामुळे फिरला ते आधीच सांगतो. उबंटूवर नुसतं ‘युजरॲड सुलभा’ मारलं की कमांड चुपचाप परत येते. एरर नाही, वॉर्निंग नाही. मग ‘पासवर्ड सुलभा’ करून पासवर्ड देता आणि निश्चिंत होता. प्रत्यक्षात होम फोल्डर बनलेलंच नसतं आणि शेल (टाइप केलेल्या कमांडी चालवणारा प्रोग्राम) म्हणून /बिन/एसएच बसलेलं असतं, म्हणजे उबंटूवर रोजच्या सवयीचं बॅश नव्हे. सुलभाताई एसएसएचने, म्हणजे आपल्या मशीनवरून सर्व्हरच्या, आत येतात, तर होम फोल्डरात जाता आलं नाही असा निरोप आणि खाली एकटं डॉलरचं चिन्ह. युजरचं नाव नाही, मशीनचं नाही. मागची कमांड आणायला वरचा बाण दाबला की पडद्यावर टोपी, दोन चौकोनी कंस आणि ए उमटतो. टॅब दाबला तर फाइलचं नाव पुरं होत नाही, नुसती जागा सुटते. यात बिघडलेलं काहीच नसतं, आणि म्हणूनच वैताग येतो. कीबोर्ड बदलून बघा, पुट्टीचं सेटिंग बघा, असं करत लोक तासभर घालवतात.

हे टाळायला ‘युजरॲड -एम -एस /बिन/बॅश सुलभा’ असं पूर्ण लिहावं लागतं. -एम होम बनवतो आणि /ईटीसी/स्केलमधल्या बॅशआरसी वगैरे फाइली त्यात टाकतो, -एस शेल ठरवतो. बनवून झालेल्या युजरचं शेल ‘युजरमॉड -एस’ने सुधारतं. होम मात्र नंतर एमकेडीआयआरने बनवलं तर मालकी रूट या मुख्य खात्याकडे राहते आणि स्केलच्या फाइलीही येत नाहीत. त्यापेक्षा एमकेहोमडीआयआर_हेल्पर ही कमांड त्या नावावर चालवलेली बरी, किंवा सरळ युजर काढून नव्याने बनवावा.

ॲडयुजर ही डेबियनवाल्यांची (उबंटू ज्यावर उभं आहे ते लिनक्स) पर्लमधली स्क्रिप्ट. होम, शेल, त्याच नावाचा ग्रुप, सगळं आपणहून करते आणि पासवर्ड तिथल्या तिथे दोनदा विचारते. नंतर पूर्ण नाव, रूम नंबर, ऑफिसचा फोन, घरचा फोन अशी चौकशी सुरू होते. रूम नंबर आजवर कोणी भरला असेल तर कळवा. एंटर मारत जायचं, शेवटी वाय. नाव कॅपिटलने सुरू केलं तर ती अडवते, आणि अडवलेलं बरंच. डेबियनचं युजरॲडचं मॅन पेजही म्हणतं की ही खालच्या पातळीची कमांड आहे, ॲडमिननी सहसा ॲडयुजर वापरावं.

मग युजरॲडची बाजू कुठे भारी पडते? स्क्रिप्टमध्ये. ॲडयुजरला गप्प बसवायला --डिसेबल्ड-पासवर्ड आणि --जिकॉस (नाव-फोनच्या चौकशीचं उत्तर) सोबत रिकामे अवतरण द्यावे लागतात, आणि तिथेही नव्या आवृत्तीत जिकॉसची जागा --कॉमेंटने घेतली आहे, जी उबंटू २२.०४ ला ठाऊक नाही. म्हणजे एकच स्क्रिप्ट नव्या-जुन्या दोन्ही मशिनींवर तक्रारीविना चालेलच असं नाही. युजरॲडच्या ऑप्शनांत असली ओढाताण नाही. दुसरं म्हणजे रॉकी किंवा अल्मा, ही रेड हॅटच्या जातीची लिनक्स. तिथे ॲडयुजर हे युजरॲडचंच दुसरं नाव, नुसती लिंक, त्यामुळे पासवर्ड विचारला जाणार नाही. गंमत म्हणजे तिथे होम आणि बॅश न सांगताच मिळतात, कारण लॉगिन.डेफ्समध्ये होम बनवण्याचं सेटिंग चालू असतं. दोन्ही जातीची मशीनं सांभाळत असाल तर पूर्ण ऑप्शनांसह युजरॲडच हाताला वळण लावण्याजोगं.

पासवर्डच्या बाबतीत मात्र युजरॲडच्या -पीच्या वाटेला जाऊ नका. तो साधा पासवर्ड मागत नाही, आधीच हॅश केलेला, म्हणजे उलगडता न येणाऱ्या रूपातला, मागतो. साधा दिलात तर तोच मजकूर पासवर्ड साठवणाऱ्या शॅडो फाइलमध्ये जसाच्या तसा बसतो, लॉगिन कधीच होत नाही, वर तो शेलच्या हिस्टरीतही राहतो. लॅबसाठी सीएचपासवर्ड चांगलं: एका ओळीत नाव, कोलन, पासवर्ड, अशी फाइल त्याला पाजायची. ही फाइल विंडोजच्या नोटपॅडमधून आली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर असतं आणि ते पासवर्डात जाऊन बसतं. मग सगळ्या मुलांचे पासवर्ड ‘चूक’. आधी डॉसटूयुनिक्स चालवा, मागाहून ‘सीएचएज -डी ०’ लावा म्हणजे पहिल्या लॉगिनला प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड ठेवावाच लागेल, आणि ती फाइल पुसा.

ग्रुपसाठी माझं मत थोडं ठाम आहे. युजरमॉडचा कॅपिटल जी ग्रुप वाढवत नाही, यादी नव्याने लिहितो. ‘युजरमॉड -जी अकाउंट्स मकरंद’ असं (जी कॅपिटल, पण -ए शिवाय) मारलं की मकरंद अकाउंट्समध्ये जातो आणि ॲडमिनचे अधिकार देणाऱ्या सुडोसकट बाकीच्या सगळ्या जोड-ग्रुपांतून बाहेर पडतो. चालू सेशनमध्ये जुनेच ग्रुप राहत असल्याने लगेच कळत नाही, दुसऱ्या दिवशी लॉगिन केल्यावर कळतं. मकरंद हा एकटाच ॲडमिन असेल तर उबंटूत रूटचा पासवर्ड बंद असतो, म्हणजे रिकव्हरी मोड आलाच. ‘जीपासवर्ड -ए मकरंद अकाउंट्स’मध्ये ही भानगड नाही: -ए वाढवतो, -डी काढतो, आणि रॉकीवरही तसंच चालतं. उबंटूवर ‘ॲडयुजर मकरंद अकाउंट्स’ही चालतं आणि वाचायला सोपं, फक्त नावांचा क्रम उलटा करू नका. कोणतीही वापरा, खात्री करताना ‘आयडी मकरंद’ असं नावासकट विचारा. नुसतं आयडी चालू सेशनची जुनी यादी दाखवतं.

माणूस सोडून गेला की ‘पासवर्ड -एल’ पुरत नाही. पासवर्ड बंद होतो, पण पासवर्डाऐवजी चालणारी एसएसएच की असेल तर दार उघडंच राहू शकतं. ‘युजरमॉड --एक्सपायरडेट १’ने खात्याची मुदत २ जानेवारी १९७० ला संपलेली धरली जाते आणि मग कीही चालत नाही.

युजर पुसण्याच्या बाबतीत ॲडयुजरचा एक उणा गुण सांगायलाच हवा. नवा युजर बनवताना ते १००० पासून पहिला रिकामा युजर-नंबर उचलतं, आणि फाइलींची मालकी याच नंबरावर ठरते. १००४ नंबरचा युजर डेलयुजरने काढलात, तर पुढच्या नव्या माणसाला १००४ मिळतो, आणि सामायिक फोल्डरात जुन्याच्या फाइली पडून असतील तर त्या आपसूक याच्या मालकीच्या होतात. युजरॲड सगळ्यांत मोठ्या नंबरच्या पुढचा देतं, त्यामुळे मधली भोकं भरत नाहीत. फक्त शेवटचाच युजर काढला असेल तर तिथेही हेच होतं. म्हणून काढण्याआधी ‘फाइंड /एसआरव्ही -युजर सुलभा’ चालवून फाइली दुसऱ्याच्या नावे कराव्यात. कोणी आधीच काढून बसलं असेल, तर नवा युजर बनवण्यापूर्वी ‘फाइंड /एसआरव्ही -नोयुजर’ने बेवारस फाइली दिसतात.