शिडाच्या जहाजाने माल मागवताना: आनेमोस आणि त्रेस ओम्ब्रेस

अटलांटिकपलीकडून कॉफी, कोको किंवा रम मागवणाऱ्यांसाठी शिडाचं जहाज आता भरवशाचा पर्याय झालाय. अट एकच: पॅकिंग कंटेनरच्या सवयीने करायचं नाही.

दोन जहाजांत निवड असेल तर आमचं मत आनेमोसला. टोव्ट या फ्रेंच कंपनीचं हे 81 मीटरचं जहाज 2024 मध्ये सेवेत आलं. कार्बन फायबरच्या दोन डोलकाठ्या, सात खलाशी आणि 1,000 टनांच्या वर माल. वारा पडला किंवा बंदरात शिरायचं असलं की इंजिन लावतात. उत्सर्जन 90 टक्क्यांहून जास्त घटतं, असा कंपनीचा दावा आहे. नेदरलँड्सच्या फेअरट्रान्सपोर्टचं त्रेस ओम्ब्रेस हे 32 मीटरचं जहाज 2009 पासून इंजिनाशिवाय माल नेतंय. ही कामगिरी मोठीच, पण क्षमता सुमारे 40 टन, त्यामुळे टनामागे खर्च बराच चढतो. थोडक्या पिंपांसाठी ते उत्तम. वर्षभराच्या कॉफीसाठी नाही.

आनेमोसवर माल कंटेनरमध्ये नाही, पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यावर, जातो. खरी काळजी इथेच घ्यायची. इंजिनाचं जहाज दोन्ही बाजूंना डोलतं. शिडाचं जहाज व्यापारी वाऱ्यात कित्येक दिवस एकाच बाजूला कललेलं राहतं. 15 अंश कललं, तर 1,000 किलोच्या पॅलेटला सुमारे 260 किलोचा भार सतत एकाच दिशेला ओढतो. नुसत्या स्ट्रेच फिल्मने (ताणून गुंडाळायच्या प्लास्टिकने) बांधलेली थप्पी अशा वेळी हळूहळू सरकते, कारण फिल्म ताणली जाते आणि पुन्हा घट्ट होत नाही. पोती विटांसारखी आडवी-उभी रचा, पॅलेटच्या कडेबाहेर एकही येऊ देऊ नका. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे अँगल लावून दोन्ही दिशांनी पट्टे आवळा. फिल्मचे पहिले वेढे पॅलेटच्या लाकडालाही घ्यायचे, नाहीतर अख्खी थप्पी पॅलेटवरून घसरते. गुळगुळीत प्लास्टिकची पोती तागाच्या पोत्यांपेक्षा लवकर निसटतात. त्यांच्या थरांमध्ये घर्षण वाढवणारे कागद घाला.

दुसरा शत्रू दमट हवा. उष्ण पट्ट्यात भरलेला माल थंड समुद्रात आला की जहाजाचा पत्रा गार पडतो आणि त्यावर दव धरतं. कच्च्या कॉफीतली आर्द्रता 10 ते 12 टक्के असली पाहिजे; त्याहून ओली असेल तर बुरशीचा धोका वाढतो. तागाच्या पोत्यात आतून हवाबंद पिशवी असेल तर पॅलेट पूर्ण गुंडाळा. नसेल तर वरची बाजू उघडी ठेवा, म्हणजे वाफ आत कोंडणार नाही. पॅलेटच्या लाकडावर आयएसपीएम 15 चा, म्हणजे कीड मारण्यासाठी लाकडावर प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का नसेल तर माल बंदरातच अडकू शकतो.

तारखेबाबत ताणून धरू नका. वारा पडला की पोहोचायला उशीर होतो, म्हणून नव्या मालाची ऑर्डर जुना साठा अर्धा उरलेला असतानाच द्या. ताज्या फळांसाठी ही सेवा घेऊच नये.

भाव ठरवण्याआधी विमा बघा. बऱ्याच मालविमा पॉलिसींमध्ये जहाजाचं वय आणि वर्गीकरण (तपासणी संस्थेने दिलेला दर्जा) यांची अट असते. जुन्या लाकडी जहाजांसाठी त्यावर जादा हप्ता लागू शकतो, म्हणून जहाजाचं नाव कळवून विमा कंपनीची लेखी संमती घ्या आणि मगच जागा आरक्षित करा.