ब्रिज की हायवे? ‘डॉमिनियन’मधली किंमत कमी करणारी दोन कार्डं

‘डॉमिनियन’ या पत्ते विकत घेत आपला डेक (गठ्ठा) उभारण्याच्या खेळात ही दोन्ही कार्डं त्या चालीपुरती प्रत्येक कार्डाची किंमत 1 ने उतरवतात. पण एकच खरेदी हाताशी असेल, तर ही सवलत म्हणजे एक जादा नाणं, बस्स. खरेद्या वाढल्या की मात्र तीच सवलत दरवेळी नव्याने मिळते.

म्हणूनच मला 4 चा ब्रिज जास्त आवडतो. तो 1 नाणं आणि 1 जादा खरेदीही देतो. एका चालीत सहा ब्रिज पडले, तर हातात 6 नाणी आणि 8 चा, जिंकण्यासाठी गुण देणारा प्रॉव्हिन्स 2 ला, म्हणजे तीन प्रॉव्हिन्स. सातवा पडला की 7 नाणी, किंमत 1 आणि थेट सात प्रॉव्हिन्स! अडचण एवढीच, की तो अ‍ॅक्शन, म्हणजे आणखी एक कार्ड खेळण्याची संधी, परत देत नाही. जादा अ‍ॅक्शन देणारी व्हिलेज कार्डं पुरेशी नसतील तर बाकीचे ब्रिज हातातच राहतात.

5 चा हायवे कार्ड आणि अ‍ॅक्शन दोन्ही परत देतो, त्यामुळे कितीही घेतले तरी डेक अडत नाही. खरेदी मात्र वाढवत नाही. मांडलेल्या पत्त्यांत जादा खरेदी देणारं काही असेल, तर बिनधास्त हायवे घ्या. स्वस्त कार्ड फुकट मिळवून देणारं वर्कशॉप असेल तरीही, कारण चार हायवेंनंतर ते प्रॉव्हिन्सच फुकट उचलतं.