लॉनखालचा बियांचा साठा मोजायला माती-नळी: घ्यावी का?

अडीच सेंटीमीटर व्यासाची, एका बाजूने उघडी खाच असलेली स्टीलची नळी या कामाला फावड्यापेक्षा कितीतरी सरस. न उगवता पडून राहिलेल्या या बिया जमिनीत पुंजक्यांनी असतात, म्हणून चार मोठे खड्डे घेण्यापेक्षा चाळीस बारीक नमुने घ्यावेत. एका नमुन्यात १० सेंटीमीटर खोलीपर्यंत साधारण ४९ घनसेंटीमीटर माती येते. खाचेतून ती ५ सेंटीमीटरवर कापून वरचा-खालचा थर वेगळा करता येतो, ही हिची खरी जमेची बाजू.

खोट धारेत आहे. गवताच्या मुळांचा जाड थर बोथट कडेने तुटत नाही, दबतो. मग माती आत आखडते आणि खोलीचा हिशेब चुकतो. दर काही नमुन्यांनी कानस फिरवा. चिखलात नळी गच्च भरून बसते आणि कोरड्या मातीचा भुगा होतो, त्यामुळे ओल वाफशाची हवी.

नमुन्यांची माती पसरून त्यातल्या बिया उगवून मोजायला सोबत ट्रे येतात, ते मात्र उथळ आणि अगदी खेटून बसणारे. निर्जंतुक वाळूवर मातीचा थर अर्ध्या सेंटीमीटरहून जाड नको, खालच्या बिया उगवत नाहीत. आंबुशीच्या शेंगा तडकून बिया शेजारच्या ट्रेत उडतात, तेव्हा रोप ओळखू आलं की लगेच उपटा. नुसत्या वाळूचा एक ट्रे मध्ये ठेवाच. त्यात उगवलेलं सगळं बाहेरून आलेलं. नागरमोथ्याचा कोंब दिसला तर उकरून बघा, खाली गाठ असेल तर तो बीपासून उगवलेला नव्हे.

नळी घ्या, ट्रे वेगळे बघा.